माझ्या तोंडात कुंकू

मित्रांनो, आधी माझ्या गळ्यातला हा हार कुणीतरी काढा रे! झेंडूची फुलं सुकून काळी पडली, पाकळ्या माझ्या पाठीवर गळल्या, त्यांत मुंग्या झाल्या, तरी कुणाचा हात पुढं येत नाही. हार घालायला सगळ्यांना सवड असते. काढायचं काम मात्र कुणाचंच नसतं.

मी रक्त वाचणारं यंत्र आहे. लातूर जिल्ह्यात मुरुड नावाचं मोठं गाव आहे. तिथल्या डॉक्टर संगमेश्वरांच्या दवाखान्यात, काचेच्या कपाटात मी बसलेलो आहे. माझ्या एका बाजूला पारा सांडलेलं रक्तदाबाचं यंत्र आहे नि दुसऱ्या बाजूला पाती मोडलेला टेबलफॅन. ही माझी संगत! येणारेजाणारे मला 'जुनं मशीन' म्हणतात. जुनं कशानं? माझं वय तुमच्या बालवाडीतल्या भावंडाएवढं. वायर लावली तर आत्ता उठून काम करीन. पण माणसांची लाज झाकायची असली की ती वस्तूला जुनी म्हणतात नि कपाटात ढकलतात. मला याचा राग येतो. तो राग आज मी सांगणार आहे, आणि मध्ये कुणी बोलायचं नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथं धूळ औषधालाही सापडायची नाही. कामाला येणाऱ्या बायका डोक्याला टोपी नि हाताला मोजे घालून आत यायच्या. त्यांतल्या एकीनं माझ्या पोटात बारीक डोळा बसवला, त्यावर काच लावली, मऊ कापडानं ती पुसली आणि शेजारणीला म्हणाली, "याचा डोळा तेवढा साफ ठेवला पाहिजे. मग हे चुकत नाही." मग मला खोक्यात घातलं नि गाडीत चढवलं. ते वाक्य मी बरोबर घेऊन आलो.

माझं काम काय, ते आता नीट ऐका. खोकला झाला, ताप आला, छाती भरली, म्हणजे श्वासाच्या वाटेत कुणीतरी शिरलेलं असतं. कधी तो विषाणू असतो, कधी जिवाणू. बाहेरून दोघांचा दंगा सारखाच दिसतो. औषध मात्र एक नाही. जिवाणू मारायला अँटिबायोटिक असतं. ते विषाणूला लागत नाही. विषाणूशी बहुतेक वेळा अंगच झुंजतं. त्याला विश्रांती, पाणी आणि देखरेख लागते. मग आत कोण शिरलंय हे ओळखायचं कसं? रक्ताला विचारायचं! विषाणू आला की रक्तात एक प्रथिन वाढतं, जिवाणू आला की दुसरंच वाढतं. बोटाला बारीक टोचायचं, थेंबभर रक्त पट्टीवर घ्यायचं आणि ती पट्टी माझ्या तोंडात सारायची. पट्टीवर लाल रेघा उमटतात. पहिली रेघ विषाणूची, दुसरी जिवाणूची. विषाणूच्या आजारातही कधीकधी दुसरी रेघ उमटते, म्हणून पहिली रेघ दिसली की विषाणूच म्हणायचं, असं मला शिकवलेलं आहे. मी रेघा बघतो आणि पडद्यावर शब्द दाखवतो. माझ्याकडं शब्द तीनच आहेत: 'विषाणू', 'जिवाणू' आणि 'काही नाही'. चौथा शब्द मला कुणी दिलेला नाही. हे ध्यानात ठेवा, पुढं उपयोगी पडेल.

करोनाची मोठी लाट ओसरल्यावर मी मुरुडला आलो. लातूरपासून टेम्पोनं इतके दणके दिले की पोटातला डोळा निखळतो की काय असं वाटलं. डॉक्टरांनी मोठ्या हौसेनं मला टेबलावर मांडलं, आल्यागेल्याला दाखवलं आणि मग माझं ऐकायचंच विसरले! मी 'विषाणू' म्हणावं, त्यांनी मान डोलवावी आणि चिठ्ठीवर अँटिबायोटिक लिहावं. पेशंटही तसलेच. नागम्मा नावाची एक म्हातारी होती, दोनदा शिंकली की दवाखान्यात हजर. ती म्हणायची, "डॉक्टरसायेब, मशिनीत रगत घालून माझी सर्दी जाती व्हय? सुई मारा. कमरंत मारा बरं, दंडात मारलेली मला लागू पडत न्हाई." डॉक्टर हसायचे नि सुई मारायचे. मी टेबलावर बसून जळफळायचो. अरे, ऐकायचं नव्हतं तर विचारलं कशाला?

माझी बाजू घेणारी एकच बाई होती, महामाया. ती दवाखान्यात रक्त तपासायची. नांदेडजवळच्या विष्णुपुरीची पोरगी, शिकली नांदेडला, इथं मुरुडात खोली घेऊन राहायची. बोलायला फटकळ, पण हात असा हलका की टोचलेलं लेकरू रडायचं विसरायचं. सकाळी आली की माझं झाकण उघडायची आणि म्हणायची, "काय राव, उघडले का डोळे?" मग मऊ कापडानं डोळ्यावरची काच पुसायची आणि एक कोरी पट्टी माझ्या तोंडात घालायची. कोऱ्या पट्टीवर मी 'काही नाही' म्हटलं की म्हणायची, "शाब्बास!" त्यानंतरच पहिला पेशंट. बाहेर किती का गर्दी असेना, कोरी पट्टी चुकायची नाही.

भीमाशंकर कंपाउंडरला ते बघवायचं नाही. तो म्हणायचा, "ताई, रोज एक पट्टी फुकट घालून राहिल्या तुमी. मशीन हाय ते, इसरायला काय म्हातारं माणूस हाय?"

"तुम्ही सकाळी उठून तोंड धुता का नाही?"

"धुतो की."

"मग त्याचंबी धुवावं लागतंय."

एकदा तर तिनं डॉक्टरांनाच तोंडावर विचारलं, "सर, याचं ऐकायचं नसेल तर लोकांच्या बोटाला टोचता कशाला?" डॉक्टर भडकले. दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. पण बोलणं लागलं असणार. त्या हिवाळ्यात सर्दीतापाची साथ आली, तेव्हा मी 'विषाणू' म्हटलेल्या काही पेशंटांना त्यांनी धीर करून सुई न देता घरी पाठवलं, रोज बोलावून तपासलं, आणि ते बरे झाले. मग डॉक्टर माझ्याकडं वळले ते असे वळले की विचारू नका. जो येईल त्याला सांगायचे, "आमचं मशीन खोटं बोलत नाही." नागम्मासुद्धा बोट पुढं करून म्हणायला लागली, "बग बाबा, काय म्हणतोस." मी फुगलो होतो, मित्रांनो. कुणाला आवडत नाही कौतुक?

पण या माणसांना मधला रस्ताच माहीत नाही. ऐकायचं नाही तर अजिबात ऐकायचं नाही, आणि ऐकायला लागले की डोळे मिटून. पूर्वी डॉक्टर छातीला नळी लावून बराच वेळ कान देऊन ऐकायचे. आता नळी टेकवली न टेकवली की नजर माझ्या पडद्यावर. महामाया म्हणायची, "सर, हे सोबतीला आहे, तुमच्या जागी नाही." डॉक्टर म्हणायचे, "हो गं, माहीत आहे."

आता मागच्या वर्षीची खंडेनवमी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी हत्यारांची, अवजारांची, यंत्रांची पूजा करतात, ते तुम्हाला ठाऊक आहेच. महामाया दरवर्षी दसऱ्याला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला, घरच्यांबरोबर नागपूरला दीक्षाभूमीवर जायची. निघायच्या आधी ती गुरम्मांकडं गेली. गुरम्मा म्हणजे डॉक्टरांच्या आई. घर दवाखान्याच्या मागंच. कपाळाला विभूतीचे पट्टे, गळ्यात इष्टलिंग, आणि आवाज असा की गेटातून हाक मारली तर चौकात ऐकू जावी. सगळे त्यांना अव्वा म्हणतात.

"अव्वा, उद्या तुम्ही पूजा करणार," महामाया म्हणाली. "झाकणावर फूल ठेवा, हार घाला, काय करायचं ते करा. पण ह्याच्या तोंडात काही जाऊ देऊ नका."

"हाव पोरी, कळतंय मला."

"आणि भीमाशंकरभाऊ, सकाळची कोरी पट्टी चुकवायची नाही."

"हाव ताई, तुमी निवांत जावा."

दोघांनीही हाव म्हटलं. महामायानं माझ्या झाकणावर थोपटलं आणि पिशवी उचलून ती बसस्टँडकडं गेली.

दुसऱ्या दिवशी अव्वा हळदीकुंकवाचं ताट घेऊन दवाखान्यात आल्या. ऑक्सिजनच्या टाकीला कुंकू, वजनकाट्याला कुंकू, डॉक्टरांच्या मोटारसायकलीला कुंकू. शेवटी माझ्यापुढं उभ्या राहिल्या. त्यांच्या मनात माझ्याबद्दल वाईट काही नव्हतं, हे मला सांगितलंच पाहिजे. उलट त्यांचे डोळे भरून आले. म्हणाल्या, "गावच्या लेकरांच्या ढुंगणावरच्या सुया वाचवल्यास रं बाबा!" झाकणावर बोट टेकवलं, पण प्लास्टिकवर कुंकू काही नीट लागेना. तेव्हा त्यांनी विचारलं, "भीमा, ह्याचं तोंड कुठाय?"

भीमाशंकर म्हणाला, "ह्ये काय अव्वा, हितनं पट्टी खातंय त्ये."

आणि अव्वांनी ओलं बोट कुंकवात बुडवून माझ्या तोंडाला लावलं! महामायाचं बोलणं त्या विसरल्या नव्हत्या. ओठाला लावलं तर आत कुठं जातंय, असं त्यांना वाटलं. पण लेकराला घास भरवावा तसं त्यांचं बोट मायेनं आत शिरलं. वर चिमूटभर साखर. मित्रांनो, माझ्या तोंडात कुंकू! ज्या काचेवर धुळीचा कण चालत नाही, तिथं ओलं लाल कुंकू! आणि ते चिकटलं तरी कुठं, तर पट्टीची पहिली रेघ जिथं दिसते, नेमकं तिथं. मी आतल्या आत बोंबललो. पण तीन शब्दांत बोंबलायचं कसं? बाहेर अव्वा हात जोडून उभ्या होत्या नि भीमाशंकर नारळ फोडत होता.

दसरा झाला. दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडला. भीमाशंकरनं कोरी पट्टी हातात घेतली आणि परत डब्यात टाकली. म्हणाला, "परवाच तर पूजा झाली. आता काय हुतंय ह्याला?" ऐकलंत? पूजा झाली म्हणून तपासायचं नाही! हे वाक्य आठवलं की माझ्या वायरी अजून तापतात.

तेवढ्यात ज्ञानोबा आला. मुरुडच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारा ज्ञानोबा. माणूस काडीसारखा, पण फुंक अशी की एका दमात लांबलचक सूर धरायचा आणि नाचणाऱ्या पोरांना धाप लागायची, ह्याला लागायची नाही. ती फुंक म्हणजे त्याचं पोटपाणी आणि ऐट, दोन्ही. दसऱ्याच्या मिरवणुकीत तो ताप अंगावर काढून वाजवत राहिला होता. आता त्याची बायको पारूबाई त्याला धरून घेऊन आली होती.

"सायेब, लई थंडी वाजून राहिली ह्यास्नी," ती म्हणाली. "कूस धरलीया. खोकला आला की डोळे पांढरे करत्यात."

डॉक्टरांनी ज्ञानोबाच्या पाठीला नळी लावली. उजव्या बाजूला खाली आले आणि थांबले. कपाळाला आठी पडली. "इथं जरा आवाज..." असं पुटपुटले. मला आशा वाटली. ऐका डॉक्टर, आणखी ऐका, तुमचे कान शाबूत आहेत! पण भीमाशंकरनं तोवर बोटाला टोचून पट्टी माझ्या तोंडात सारली होती. पट्टीवर पहिली रेघ नव्हतीच. दुसरी मात्र ठसठशीत होती. जिवाणूच होता, मित्रांनो! पण माझ्या डोळ्याला पहिल्या रेघेच्या जागी लाल दिसत होतं. अव्वांच्या हातचं लाल. मला शिकवल्याप्रमाणं माझ्या पडद्यावर शब्द आला: 'विषाणू'.

डॉक्टरांच्या कपाळावरची आठी गेली. "विषाणू आहे. काळजी करू नका. तापाची गोळी, वाफ आणि आराम."

"सुई न्हाई?" पारूबाईनं विचारलं.

"गरज नाही. आमचं मशीन खोटं बोलत नाही."

ज्या एका माणसाला त्या दिवशी औषधाची खरी गरज होती, तो गोळीची पुडी घेऊन घरी गेला. मी इतकी वर्षं ओरडत होतो की उगाच औषध देऊ नका, आणि डोळे मिटून ऐकलं ते नेमकं या माणसाच्या बाबतीत! डॉक्टरांनी रोज बोलावून बघायची जुनी सवयही सोडली होती. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी जो येईल तो 'विषाणू'. पायाला काटा लागून पू झालेला, त्यानं ताप भरलेला एक गडी आला, तोसुद्धा 'विषाणू'. तरी कुणाला शंका आली नाही. भीमाशंकर उलट खुशीत म्हणाला, "साथ जोरात हाय औंदा!"

मग एका दुपारी ज्ञानोबाला जीपमधून आणलं. ओठ निळे पडले होते. एक शब्द बोलायला त्याला तीनदा श्वास घ्यावा लागत होता. मागं बँडची माणसं, गल्लीतली माणसं, व्हरांडा भरून गेला. डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला, पाठीला नळी लावली आणि त्यांचा चेहरा उतरला. माझ्याकडं त्यांनी बघितलंही नाही. "लातूरला न्यावं लागेल, लगेच," एवढंच म्हणाले.

पारूबाई फाडकन बोलली, "तुमीच म्हणलाव की, काय न्हाई म्हणून! ह्या डबड्याचं ऐकून माज्या माणसाला घरी धाडलाव! त्येची छाती तुमास्नी ऐकू आली न्हाई व्हय?"

तिनं मला डबडं म्हटलं. म्हणू दे. तिला हक्क होता. माझं डोकं फिरलं ते पुढच्या बोलण्यानं. गर्दी आता कुणाला धरणार हे भीमाशंकरनं ओळखलं आणि तो मोठ्यानं म्हणाला, "मशीन कोपलंय. रोज हात लावणारीनं कदी नमस्कार केला न्हाई त्याला, कदी कुंकवाचं बोट लावलं न्हाई. सणासुदीला सोडून गेली. मग कोपंल न्हाईतर काय हुईल?"

मी कोपलो होतो, बरोबर आहे! पण कुणावर, हे मला विचारायचं होतं ना!

आणि त्याच वेळी महामाया दारात उभी होती. नागपूरहून आलेली, बसमधून उतरून थेट, खांद्याला पिशवी तशीच. तिनं सगळं ऐकलं होतं. ती एवढंच म्हणाली, "भाऊ, एक कोरी पट्टी द्या."

भीमाशंकर माझ्यापुढं आडवा झाला. "हात लावू नका ताई."

"नगा लावू देऊ तिला!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

महामायानं डॉक्टरांकडं बघितलं. डॉक्टरांना माहीत होतं की ही पोरगी रोज सकाळी मला पुसायची. माहीत होतं की ती इथं नव्हती. एक वाक्य पुरलं असतं. डॉक्टर खाली फरशीकडं बघत राहिले. मित्रांनो, माझ्याकडं तीनच शब्द आहेत म्हणून मी गप्प होतो. या माणसाकडं अख्खी मराठी होती!

महामायाचे डोळे भरले, पण पाणी गालावर येऊ दिलं नाही तिनं. पिशवी तिथंच टाकली आणि ज्ञानोबाला न्यायला आलेल्या ॲम्ब्युलन्समध्ये चढली. "मावशी, जरा सरका. ऑक्सिजनची नळी मी धरते," असं पारूबाईला म्हणाली. गाडी लातूरच्या रस्त्याला लागली.

दिवेलागणीला अव्वा आल्या. लोक अजून व्हरांड्यात बसून होते. माझा कोप उतरवायला त्यांनी विभूती आणली होती. "चुकलं असंल तर पोटात घाल बाबा," म्हणत त्यांनी पुन्हा माझ्या तोंडाला बोट लावलं. बोट बाहेर आलं ते लाल होऊन. त्या बघत राहिल्या. पदराच्या टोकानं आत पुसलं, पदर लाल झाला. मग त्यांनी हाक मारली, "भीमा, ह्यात कोरी पट्टी घाल."

"आता कशाला अव्वा..."

"घाल म्हणते ना!"

काच अजून लडबडलेलीच होती. भीमाशंकरनं पट्टी घातली. पडदा उजळला.

"काय म्हणतंय?"

भीमाशंकरनं पडदा दोनदा वाचला. "विषाणू."

"कुणाचं रगत हाय त्यात?"

"कुणाचंच न्हाई, अव्वा."

अव्वा लाल पदर मुठीत धरून खुर्चीत बसल्या. तोवर डॉक्टर आत आले होते. त्यांनीही पडदा वाचला, पदर बघितला. "अव्वा, घरात चल," ते हळूच म्हणाले. "इथं नको. बाहेर लोक आहेत."

"लोक हायत म्हणूनच बोलायचंय, संगू," असं म्हणून त्या उठल्या. व्हरांड्यात गेल्या आणि तो पदर सगळ्यांपुढं धरला. "ह्ये कुंकू माझं हाय. म्या लावलं. त्या पोरीनं नको म्हणून सांगितलं हुतं. तिचं नाव पुन्यांदा कुणी घेतलंत तर माझ्याशी गाठ हाय!" लोक एकेक करून उठून गेले.

लातूरच्या डॉक्टरांनी ज्ञानोबाला वाचवलं. फुप्फुसाभोवती पू साठला होता, तो नळी घालून काढावा लागला. त्याच्या जिवाला धोका नाही असं तिथले डॉक्टर म्हणेपर्यंत महामाया तिथंच होती. मग सामान घ्यायला मुरुडला आली. अव्वांनी तिचे दोन्ही हात धरले, तर ती म्हणाली, "अव्वा, तुमचा राग नाही मला. तुम्ही बोललात." डॉक्टर म्हणाले, "महामाया, झालं ते झालं. राहा." तिनं माझं झाकण उघडलं, काच नीट, कोपऱ्याकोपऱ्यातून पुसली, कोरी पट्टी घातली. मी म्हणालो, 'काही नाही'. "शाब्बास," ती म्हणाली, आणि नांदेडला निघून गेली. तिथं एका लॅबमध्ये काम करते म्हणे.

आणि मला काय मिळालं? कपाट! डोळा साफ, काम चोख, तरी कपाट. कारण मी समोर असलो की डॉक्टरांना तो दिवस आठवतो. यंदाच्या खंडेनवमीला अव्वा माझ्याजवळ फिरकल्या नाहीत. भीमाशंकरनं मात्र कपाट उघडून हा हार घातला, हात जोडले नि कपाट लावून घेतलं. त्या माणसापुढं मी हात टेकले.

आता आज सकाळची गोष्ट. ज्ञानोबा आला. तुळशीची लग्नं जवळ आली आहेत, मग माणसांची लागतील, बँडवाल्यांनी बोलावणं धाडलंय. वाजवू की नको, हे त्याला डॉक्टरांकडून ऐकायचं होतं. हातात कापडी पिशवी, पिशवीत क्लॅरिनेट. पारूबाई मागं उभी. डॉक्टरांनी त्याच्या पाठीला नळी लावली आणि किती वेळ ऐकलं म्हणून सांगू! आता ऐकतात. आता.

"ऐकायचं ऱ्हाऊ द्या सायेब," ज्ञानोबा म्हणाला. "म्या वाजवूनच दावतो."

त्यानं फुंक मारली. सूर चांगला निघाला, वर चढला, आणि मध्येच तुटला. तो खोकला. पाणी प्यायला, पुन्हा फुंकला. पुन्हा तिथंच तुटला. पारूबाईनं तोंड खिडकीकडं केलं. ज्ञानोबानं क्लॅरिनेटचे तुकडे सुटे केले, दोरीला बांधलेलं फडकं नळीतून ओढलं, एकदा, पुन्हा एकदा, वाजवून झाल्यावर तो जन्मभर करत आलाय तसं. सूर तुटला तरी फडकं चुकलं नाही. मला त्या लाकडी नळीचा हेवा वाटला, आणि राग इतका आला की काच फुटेल असं वाटलं.

मग त्यानं विचारलं, "त्ये मशीन कुठाय?" भीमाशंकरनं कपाटाकडं बोट केलं. ज्ञानोबा काचेशी आला, वाकून बघितलं. "हार घातलाय व्हय ह्याला? हार तर मेलेल्याच्या फोटूला घालत्यात." तो हसला, हसताना त्याला धाप लागली.

डॉक्टर हसले नाहीत. नळी हातात घेऊन उभे होते ते म्हणाले, "चुकलं माझं, ज्ञानोबा."

वर्ष लागलं या दोन शब्दांना! ज्ञानोबानं दम घेतला, पिशवीचं तोंड बांधलं आणि म्हणाला, "माझा जीव हाय अजून सायेब. मला कशापायी म्हणताव? नांदेडला म्हणा."

तो आणि पारूबाई गेले. डॉक्टर तेव्हापासून मोबाइल हातात धरून माझ्या कपाटासमोर उभे आहेत. नंबर काढला आहे. अंगठा काही खाली येत नाही.

मित्रांनो, तुमच्याही गावात माझ्यासारखं कुणीतरी असेल. त्याला नमस्कार करायचा तर खुशाल करा, पण आधी हातात फडकं घ्या. ते साफ आहे का, हे रोज विचारा. त्याचं ऐका, पण ऐकताना स्वतःचे कान बंद करू नका. आणि कुणी त्याला रोज पुसत असेल, तर त्या माणसावर बालंट येईल तेव्हा खाली फरशीकडं बघू नका. डॉक्टर, लावा तो फोन. आणि तो लागेपर्यंत दुसऱ्या हातानं हा हार काढा माझ्या गळ्यातला. मी मेलेलो नाही.